मार्गारेट चेस स्मिथ : सत्तावीस मतांची कहाणी

आपल्या मंडळात अध्यक्षपदासाठी नावे सुचवण्याची वेळ आली की सगळ्याजणी एकमेकींकडे पाहू लागतात. घरचे व्याप फार आहेत, प्रकृती झेपत नाही, मला बोलता येत नाही, पडले तर हसे होईल, अशी कारणे प्रत्येकीच्या पदरात तयारच असतात. मीही ती सांगितली आहेत. म्हणून ज्या बाईंनी अशाच कारणांची यादी भर सभेत वाचून दाखवली आणि नंतर भलतेच केले, त्यांची हकीगत यंदाच्या स्मरणिकेत सांगावी असे वाटले. पद मात्र मंडळाचे नव्हते, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचे होते.

मार्गारेट चेस यांचा जन्म १४ डिसेंबर १८९७ रोजी अमेरिकेच्या अगदी ईशान्य टोकाच्या मेन राज्यात, स्कोहेगन नावाच्या लहानशा गिरणीच्या गावी झाला. वडील न्हावी होते. आई कधी दुकानात, कधी जोड्यांच्या कारखान्यात काम करून संसाराला हातभार लावी. सहा भावंडांत मार्गारेट थोरली, आणि थोरल्या लेकीच्या वाट्याला काय येते ते आपल्याला कोणी सांगायला नको. शाळेत असतानाच ती गावातल्या किरकोळ वस्तूंच्या दुकानात काम करू लागली, पुढे टेलिफोनच्या कचेरीत रात्रपाळीला बसू लागली. १९१६ साली शाळा संपली. कॉलेजचे तोंड तिने पाहिले नाही, कारण पैसा नव्हता. थोडे दिवस खेड्यातल्या एकखोली शाळेत मास्तरीण, मग टेलिफोन, मग गावच्या साप्ताहिकाची कचेरी, असा तिचा क्रम. १९२२ साली नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांचे मंडळ स्कोहेगनला निघाले, त्यात ती पुढे होती आणि नंतर अशा मंडळांच्या राज्यसंघाची अध्यक्षही झाली. सभा कशी चालवायची, हिशेब कसा ठेवायचा, भांडणाऱ्या दोघींना एका कामाला कसे लावायचे, हे शिक्षण तिला तिथे मिळाले.

१९३० साली साप्ताहिकाचे मालक आणि राजकारणात मुरलेले क्लाइड स्मिथ यांच्याशी तिचा विवाह झाला. ते तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठे होते. १९३६ साली रिपब्लिकन पक्षातर्फे ते कनिष्ठ सभागृहावर निवडून आले, तेव्हा मार्गारेटबाई त्यांच्या चिटणीस म्हणून वॉशिंग्टनला गेल्या. पत्रे लिहायची, भाषणांची टिपणे काढायची, मतदारांची गाऱ्हाणी ऐकायची, हे सारे त्या करीत. एप्रिल १९४० मध्ये क्लाइड हृदयविकाराने गेले. आपल्या जागी पत्नीलाच पाठवा, असे त्यांनी अखेरच्या आजारात मतदारांना कळवले होते. जूनमध्ये पोटनिवडणूक होऊन बाई निवडून आल्या. नवऱ्याच्या जागेवर सहानुभूतीने विधवा बसवण्याची चाल तिकडेही होती, आणि पुष्कळांना वाटले की ही बाई थोडे महिने बसेल आणि घरी जाईल. त्या गेल्या नाहीत. महायुद्धाच्या काळात त्यांनी आरमाराच्या समितीवर काम केले, आणि १९४८ साली सैन्यदलांत स्त्रियांना कायमचे स्थान देणारा जो कायदा झाला त्यासाठी त्या नेटाने झगडल्या.

त्याच साली त्यांनी वरिष्ठ सभागृहाची, म्हणजे सेनेटची, जागा मागितली. पक्षातल्या पुढाऱ्यांना हे रुचले नाही. त्यांच्यासमोर पक्षाचेच तीन पुरुष उभे राहिले, त्यांतला एक त्या वेळचा राज्यपाल आणि एक माजी राज्यपाल. पैसा आणि पक्षाची यंत्रणा त्यांच्या हाती. फेब्रुवारीत बर्फावर पाय घसरून बाईंचा हात मोडला, तरी हाड बसवून घेऊन त्या ठरलेल्या सभेला हजर झाल्या. पुरुष मिळत असताना बाई कशाला पाठवायची, असा प्रश्न एका प्रतिस्पर्ध्याच्या पत्नीने केला होता. यावर मार्गारेटबाईंचे उत्तर मला फार आवडते. घरात नियम घालते कोण, ते पाळले जातात की नाही हे पाहते कोण, मोडले तर न्याय देते कोण? कायदेमंडळ, सरकार आणि न्यायालय ही तिन्ही कामे बाई रोजच करते, तेव्हा तिला राज्यकारभार नवा नाही, अशा अर्थाचे ते होते. तिघांना मिळून जेवढी मते पडली त्यांहून अधिक या एकटीला पडली. दोन्ही सभागृहांत बसलेली अमेरिकेतली पहिली स्त्री त्या झाल्या. सेनेटच्या शहाण्णव सभासदांत तेव्हा बाई ती एकच. अंगावर नीटनेटका पोशाख आणि छातीवर रोज एक ताजे गुलाबाचे फूल, ही त्यांची खूण ठरली.

पक्षाशी खरी ठिणगी पडली ती १९५० साली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जोसेफ मॅकार्थी नावाच्या सेनेटरने परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरले आहेत असा गलका सुरू केला. तो बाईंच्याच पक्षाचा. बाई स्वतः कम्युनिस्टांच्या कट्टर विरोधक, त्यामुळे आधी त्यांना वाटले की याच्याजवळ काही पुरावा असेल. त्यांनी कागद मागितले, पाहिले, आणि त्यांत काही दम नाही असे त्यांना दिसले. पण बोलणार कोण? ज्याने तोंड उघडले त्याच्यावरच देशद्रोहाचा शिक्का बसे. पक्षातल्या ज्येष्ठांना मॅकार्थीचा गोंगाट विरोधकांना झोडपण्यासाठी सोयीचा वाटत होता. बाई तर सेनेटमध्ये नवख्या, दुसरेच वर्ष.

१ जून १९५० रोजी त्या उभ्या राहिल्या आणि सुमारे पंधरा मिनिटे बोलल्या. मॅकार्थी मागे थोड्याच अंतरावर बसला होता. बाईंनी त्याचे नावही घेतले नाही. सत्ताधारी डेमोक्रॅटिक सरकारच्या ढिलाईवर त्यांनी टीका केली, आणि त्याच दमात आपल्या पक्षाला बजावले की भीती, अज्ञान, धर्मांधता आणि बदनामी यांच्या बळावर मिळणारा विजय आपल्याला नको. टीका करण्याचा, लोकांना न आवडणारे मत बाळगण्याचा, स्वतंत्र विचार करण्याचा हक्क नागरिकाला आहे आणि तो बजावल्याबद्दल कोणाची नोकरी वा अब्रू जाता कामा नये, असे त्यांनी मांडले. पक्षाच्या आणखी सहा सेनेटरांनी त्या निवेदनावर सह्या केल्या होत्या. मॅकार्थीने त्या सातजणांची हिमगौरी आणि सहा बुटके म्हणून टवाळी केली. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि सहांतले बहुतेक हळूहळू मागे सरले. बाई सरल्या नाहीत. पुढच्या वर्षी मॅकार्थीने त्यांना चौकशी-उपसमितीतून काढून तिथे रिचर्ड निक्सन यांना बसवले. १९५४ साली त्याने मेनमध्ये त्यांच्याविरुद्ध आपला माणूस उभा करवला. मेनच्या मतदारांनी बाईंना पाचास एक या प्रमाणात मते दिली. त्याच डिसेंबरात सेनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थीचा निषेध केला. बाईंच्या भाषणापासून मोजले तर साडेचार वर्षे लागली. एवढा वेळ एकटे पडून राहायचे म्हणजे काय, ते ज्याचे त्याला ठाऊक.

त्यांची सगळीच मते आपल्याला पटतील असे नाही. अण्वस्त्रांबाबत त्या फार कडक बोलत आणि व्हिएतनामच्या युद्धाला त्यांचा पाठिंबा होता. पण मत द्यायचे ते स्वतःच्या बुद्धीने, पक्षाच्या आज्ञेने नव्हे, हे त्यांनी सोडले नाही. स्वपक्षीय राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या माणसांविरुद्धही त्यांनी मते दिली.

१९६३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षपदाचा विचार चालू आहे असे त्यांनी जाहीर केले. पुढच्याच आठवड्यांत, २२ नोव्हेंबरला, केनेडींची हत्या झाली. केनेडी विरुद्ध पक्षाचे, पण सेनेटमध्ये ते ज्या मेजाशी बसत त्यावर बाईंनी आपले गुलाबाचे फूल ठेवले. काही दिवस राजकारण बंद राहिले.

२७ जानेवारी १९६४ रोजी वॉशिंग्टनमधल्या स्त्री-पत्रकारांच्या क्लबात त्या बोलायला उभ्या राहिल्या. आधी उभे राहावे असे म्हणणाऱ्यांची कारणे सांगितली : अनुभव आहे, कोणत्याही धनिकाचे वा पुढाऱ्याचे मिंधेपण नाही, दोन टोकांच्या मधली वाट मतदाराला मिळेल, आणि कोणी तरी स्त्रीने ही वाट पहिल्यांदा तुडवली पाहिजे. मग राहू नये याची कारणे. ते पद बाईचे नव्हे. पराभव ठरलेला. वयाला एवढी दगदग सोसणार नाही. पैसा नाही. संघटना नाही. प्रचाराला गेले तर सेनेटमधले मतदान चुकेल. ही दुसरी यादी इतकी भक्कम होती की ऐकणाऱ्यांना वाटले, बाई आता नकार देणार. त्यावर त्यांनी सांगितले की ही कारणे एवढी जबरदस्त आहेत म्हणूनच मी उभी राहते आहे! सभागृहात एकच गलबला झाला.

प्रचार त्यांनी आपल्याच पद्धतीने केला. देणग्यांचे चेक परत पाठवले. पगारी माणूस ठेवला नाही. १९५५ पासून त्यांनी सेनेटमधले एकही नोंदवले जाणारे मतदान चुकवले नव्हते, ते याही वेळी चुकवले नाही. सवड मिळेल तेवढीच बाहेर गेल्या. न्यू हॅम्पशायर राज्यात गोठवणाऱ्या थंडीत दारोदार फिरल्या आणि मार्चमध्ये पाचव्या आल्या, मते दोन हजारांच्या आसपास. वर्तमानपत्रे त्यांच्या सहासष्ट वर्षांच्या वयाविषयी आणि स्वयंपाकाविषयी लिहीत. पुरुष उमेदवारांना स्वयंपाक येतो का, हे कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. एप्रिलमध्ये इलिनॉयला मात्र जवळजवळ चौथाई मते त्यांना पडली, तीही नाममात्र खर्चात.

जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पक्षाचे अधिवेशन भरले. व्हरमाँटचे सेनेटर एकेन, पूर्वीच्या त्या सहांपैकीच एक, यांनी त्यांचे नाव रीतसर मांडले. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात स्त्रीचे नाव असे मांडले जाण्याचा तो पहिला प्रसंग. बॅरी गोल्डवॉटर यांना ८८३ मते पडली, मार्गारेटबाईंना २७, त्यांतली चौदा त्यांच्या मेनची. निकाल लागल्यावर बाकीच्यांनी आपापली मते विजयी उमेदवाराकडे वळवून निवड एकमुखी करावी अशी तिकडची रीत. बाईंनी ती पाळली नाही. सत्तावीस तर सत्तावीस, ज्यांनी ती मला दिली त्यांची नोंद तशीच राहू दे, अशी त्यांची भूमिका. नोव्हेंबरात गोल्डवॉटर जॉन्सन यांच्यापुढे साफ हरले.

आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ साली भारताच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपती झाल्या. अमेरिकेत मोठ्या पक्षाची उमेदवारी एखाद्या स्त्रीला प्रत्यक्ष मिळायला २०१६ साल उजाडले.

सेनेटमधल्या अखंड मतदानाचा बाईंचा नेम १९६८ साली कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे तुटला. तोवर २,९४१ मतदाने झाली होती. १९७२ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्या निवडणूक हरल्या आणि पुढे स्कोहेगनला परतल्या. तिथे केनेबेक नदीच्या काठी, राहत्या घराला लागूनच, त्यांच्या कागदपत्रांचे ग्रंथालय १९८२ साली उघडले. शाळेची मुले ते पाहायला येत आणि बाई त्यांना स्वतः भेटत, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. २९ मे १९९५ रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, त्याच गावी त्यांनी डोळे मिटले.