आकाशातील दगडांचा वकील

आकाशातून दगड पडतात, ही गोष्ट आज शाळेतील मुलांनाही ठाऊक आहे. अशा दगडांना अशनी म्हणतात. परंतु अठराव्या शतकात एखाद्या शेतकऱ्याने असा दगड पडताना पाहिल्याचे सांगितले, तर विद्वान त्याला भोळा समजत. अशा सामान्य माणसांची साक्ष खरी मानण्याचे धैर्य अर्न्स्ट क्लाड्नी याने दाखविले.

क्लाड्नीचा जन्म १७५६ साली जर्मनीतील विटेनबर्ग येथे झाला. वडील कायद्याचे प्राध्यापक. त्यांच्या इच्छेखातर त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. पण त्याचे मन विज्ञानातच रमे. वडिलांच्या निधनानंतर तो ध्वनिशास्त्राकडे वळला. पत्र्यावर वाळू पसरून तो त्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरवी, आणि वाळूच्या सुंदर आकृती उमटत. या प्रयोगांमुळे युरोपभर त्याची कीर्ती झाली.

पुढे एका गूढ प्रश्नाने त्याला पछाडले. सैबेरियात क्रास्नोयार्स्कजवळ सुमारे ७०० किलो वजनाचा लोखंडी गोळा सापडला होता. पालास या संशोधकाने १७७२ साली तो पाहिला होता. हा गोळा आला कोठून? आकाशातून जाणाऱ्या अग्निगोलांची जुनी वर्णने क्लाड्नीने मिळविली आणि न्यायालयात साक्षी तपासाव्यात तशी ती ताडून पाहिली. परस्परांना न ओळखणाऱ्या, निरनिराळ्या देशांतील माणसांची वर्णने जुळत होती. नावडता कायदा असा उपयोगी पडला! १७९४ साली त्याने पुस्तक लिहून अशा वस्तू अवकाशातून येतात असे प्रतिपादन केले. अनेकांनी त्याची हेटाळणी केली; पण तो डगमगला नाही.

१७९८ साली आपल्या देशात काशीजवळ दगडांचा वर्षाव झाला. हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८०२ साली ते दगड व इतर देशांतील अशनी तपासले. त्या सर्वांत निकेल हा धातू आढळला. १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल गावी हजारो दगड पडले, तेव्हा उरलेल्या शंकाही फिटल्या.

अशनीला तो जेथे मिळतो त्या ठिकाणाचे नाव देतात. म्हणूनच पालासने पाहिलेला गोळा क्रास्नोयार्स्क या नावाने ओळखला जातो. १८६६ साली आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पडलेल्या अशनीच्या नावातही जामखेड गाव नोंदले गेले आहे.

१८२७ साली क्लाड्नीचे निधन झाले. आपला अशनींचा संग्रह त्याने बर्लिनच्या संग्रहालयाला दिला. पुढे अशनीत सापडलेल्या एका खनिजाला क्लाड्नीआइट हे नाव देण्यात आले. ज्या दगडांची बाजू त्याने मांडली, त्यांतच त्याचे नाव कायमचे कोरले गेले.