एका पंगतीतून घडलेले नेतृत्व : कर्मवीर भाऊराव पाटील

परदेशात राहणाऱ्या आपल्या मराठी घरांमध्ये मुलांच्या भवितव्याची चर्चा निघाली की एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे 'लीडरशिप'. कॉलेजच्या अर्जात तो लागतो, शाळेच्या प्रशस्तिपत्रकात लागतो आणि नोकरीच्या मुलाखतीतही लागतो. मग मुलांना स्पर्धेत उतरवायचे, स्पेलिंगची स्पर्धा, गणिताची स्पर्धा, वादविवादाची स्पर्धा! जो पहिला आला तो पुढारी, असे एक साधे समीकरण आपल्या मनात नकळत बसून गेले आहे. महाराष्ट्राच्या मातीतल्या एका माणसाने मात्र हे समीकरण फार पूर्वीच निराळ्या पद्धतीने मांडून दाखवले होते. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते, पण त्यांनी नेमके काय केले हे आपल्या पुढच्या पिढीला सांगायची वेळ आली की आपण अडखळतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगौंडा सरकारी नोकरीत होते, आई गंगाबाई. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. अभ्यासात त्यांनी फार मोठी चमक दाखवली नाही. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांची गाडी गेलीच नाही. मात्र कुस्ती, मल्लखांब आणि पोहणे यांत ते तरबेज होते.

तो काळ राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी खेड्यातल्या मुलांसाठी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिकाच उभी केली होती. समाजाची परिस्थिती पाहून प्रत्येक जातीसाठी वेगळे वसतिगृह काढण्यास त्यांनी उत्तेजन दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा सर्वांची सोय झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. त्याच्या समारंभाला तरुण भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास त्यांनी नकार दिला. परिणाम असा की त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. ज्या छताखाली आपण राहतो त्याच्या पलीकडच्या मुलाशी आपले काय नाते, हा प्रश्न त्या दिवशी त्यांच्या मनात रुतला तो कायमचा.

दुसरा प्रसंग १९१४ चा. कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा पोलिसांनी दबाव आणला. ज्या जैन बोर्डिंगमधून भाऊरावांना बाहेर पडावे लागले, त्याच्याशी या लठ्ठे यांचा निकटचा संबंध होता. जुना हिशेब चुकता करण्याची संधी आयती चालून आली होती! पण भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यांना कोठडीत डांबले, मारहाण झाली, जीव द्यावा असे वाटण्यापर्यंत वेळ आली, तरी ते बधले नाहीत.

पोटापाण्यासाठी त्यांनी शिकवण्या केल्या. साताऱ्यात ते पाटील मास्तर म्हणून ओळखले जात. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याची एजन्सी घेऊन ते खेडोपाडी हिंडले आणि नंतर साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्यातही त्यांनी काम केले. म्हणजे बाजारातली चढाओढ त्यांनी जवळून पाहिली होती. मात्र या भटकंतीत त्यांना जे दिसले ते नांगराच्या खपापेक्षा महत्त्वाचे होते. शेतकऱ्याचा हुशार मुलगा गावातच राहतो, कारण शहरात त्याच्या दोन वेळच्या भाकरीची सोय नाही. शाळा असून उपयोग नाही, आधी राहण्या-जेवण्याची सोय हवी, हे त्यांनी ओळखले. १९१० च्या सुमारास दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली.

संस्थेचे जे हेतू ठरले ते आजही वाचण्यासारखे आहेत. गरीब मुलांना शिक्षण देणे हा एक हेतू होताच. पण निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत परस्परांविषयी प्रेम निर्माण करणे आणि एकीचे महत्त्व त्यांना कृतीतून पटवून देणे, हेही त्यात स्पष्टपणे नमूद होते. इथे 'कृतीतून' या शब्दावर जोर आहे. एकीवर व्याख्याने देऊन एकी होत नाही, हे या कुस्तीगीराला ठाऊक होते.

१९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. शाहू महाराजांचे नाव दिले, पण पद्धत एक पाऊल पुढची होती. कोल्हापुरात जातवार वसतिगृहे होती, साताऱ्यात सगळे एका छताखाली. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण अशी मुले एकत्र राहत आणि एका पंगतीला बसत. पाणी भरणे, झाडलोट, भाजी चिरणे, भाकरी भाजणे, कोठीचा हिशेब ठेवणे ही कामे मुले आळीपाळीने करीत. ज्या काळात अस्पृश्याची सावलीही टाळली जाई, त्या काळात एकाने रांधलेले दुसऱ्याने जेवायचे, ही केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

या संसाराची खरी माऊली म्हणजे लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी. त्या सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या होत्या. तरीही सगळ्या जातींच्या मुलांना त्यांनी आपल्या चुलीशी बसवून घेतले. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडायला दिले. एकदा तर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या नावाने उच्च शिक्षणासाठी कर्ज देणारी सहकारी पतपेढी निघाली. मुलाने कर्ज घ्यायचे, शिकून कमावता झाला की फेडायचे, म्हणजे तोच पैसा मागच्या मुलाच्या कामी येतो. पुढे गेलेल्याने मागच्यासाठी दार उघडे ठेवायचे, हा धडा अशा रीतीने व्यवहारातच गुंफला गेला.

१९३५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज निघाले. तिथून बाहेर पडलेले तरुण ज्या खेड्यात शाळा नाही तिथे जाऊन शाळा काढू लागले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उभे राहिले. इथे 'कमवा आणि शिका' ही योजना पूर्ण स्वरूपात आली. मुले शेतात राबत, दगड फोडत, इमारतीच्या बांधकामाला हातभार लावत आणि त्या श्रमांतून शिक्षणाचा खर्च भागवत. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. त्याच सुमारास सरकारवर केलेल्या टीकेमुळे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. संस्था बुडते की काय अशी अवस्था आली. तेव्हा खेड्यापाड्यांतले लोक धावून आले, कोणी धान्य दिले, कोणी पैसे. संत गाडगे महाराजांनीही सरकारदरबारी शब्द टाकला आणि अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. एकट्याच्या कर्तबगारीवर उभी असलेली संस्था अशा वेळी टिकली नसती. ही टिकली, कारण लोक तिला आपली मानत होते.

आता स्पर्धेचे काय? भाऊराव स्पर्धेच्या विरुद्ध होते असे समजण्याचे कारण नाही. त्यांच्या मुलांनाही मॅट्रिकची परीक्षा एकेकट्यानेच द्यावी लागे आणि गुण ज्याचे त्यालाच मिळत. भाऊराव स्वतः आखाड्यात उतरलेले. पण तालीम पाहिलेल्यांना एक गोष्ट माहीत असते. फडात कुस्ती एकट्याची असली तरी तालमीत जोड लागतो. रोज आपल्याशी झुंजणारा, पडलो तर हात देणारा जोडीदार नसेल तर कोणीही पैलवान होत नाही. स्पर्धेने माणसाची ताकद कळते, पण ती ताकद तयार होते ती इतरांच्या सोबतीने. शिवाय ती कोणासाठी वापरायची हे तर सोबतीनेच कळते.

याचा पुरावा म्हणजे त्यांची मुले. भाऊरावांनी शिक्षणाच्या वाटेला लावलेला ज्ञानदेव घोलप हा अस्पृश्य समाजातला मुलगा पुढे मुंबई कायदे कौन्सिलचा सभासद झाला. बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. वकिली करून ते सहज धनवान झाले असते. पण ते परतले, रयतच्या कॉलेजात शिकवू लागले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. समुद्र ओलांडून आलेल्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. प्रत्येकाने परत गेलेच पाहिजे असा याचा अर्थ नाही. आपल्या ताटातला घास कोणकोणाच्या हातून आला हे त्यांनी लक्षात ठेवले, एवढे आपणही नक्कीच करू शकतो.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही पदवी दिली. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेला माणूस डॉक्टर झाला! त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, खेड्यांतल्या ५०० हून अधिक प्राथमिक शाळा, १०० हून अधिक माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालये होती. वटवृक्ष हे संस्थेचे बोधचिन्ह. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि पुन्हा त्याच झाडाला आधार देतात. यापेक्षा समर्पक चिन्ह कोणते असणार!

त्या बोर्डिंगमधली मुले गरिबीमुळे राबत होती. तिथले कष्ट गोड मानून घेण्याचे कारण नाही आणि आपल्या मुलांनी दगड फोडावेत असेही कोणी म्हणणार नाही. पण त्या पंगतीतला अर्थ इथेही आणता येईल. उत्सवाच्या महाप्रसादाची जबाबदारी एका वर्षी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींवर सोपवून पाहावी. किराणा किती, वाढायला कोण, भांडी कोणाकडे, हिशेब कोणाकडे, हे सगळे त्यांनीच ठरवावे. बक्षीस नाही, पहिला-दुसरा क्रमांक नाही. सगळे जेवून तृप्त झाले की काम फत्ते. मीठ कमी पडले तर पडू द्यावे, मोठ्यांनी लुडबुड करू नये. त्या दिवशी कोणाच्या सांगण्यावरून चार जण आनंदाने उठून कामाला लागतात, ते शांतपणे पाहावे. नेतृत्व म्हणजे काय, हे कर्मवीरांनी साताऱ्याच्या त्या कोठीत ओळखले होते. आपल्यालाही ते तिथेच दिसेल.