आंरी प्वांकारे

आंरी प्वांकारे (२९ एप्रिल १८५४ – १७ जुलै १९१२) हे फ्रेंच गणितज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक होते. दूर अंतरावरील दोन घटना एकाच वेळी घडल्या असे कशाच्या आधारे ठरवायचे, या प्रश्नाची चिकित्सा त्यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धांतापूर्वी केली होती.

जीवन

त्यांचा जन्म नान्सी येथे झाला. वडील लेओं हे वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. पॅरिसमधील एकोल पोलितेक्निक येथील शिक्षणानंतर ते खाण अभियंता झाले. १८७९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि १८८१ पासून ते पॅरिस विद्यापीठात शिकवू लागले. तीन वस्तूंच्या गतीच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी १८८९ मध्ये त्यांना स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर यांचे पारितोषिक मिळाले.

समकालिकतेचा विचार

१८९३ मध्ये ते फ्रान्सच्या रेखांश मंडळाचे सदस्य झाले. दोन ठिकाणांच्या स्थानिक वेळांतील एका तासाचा फरक म्हणजे रेखांशातील १५ अंशांचा फरक होय. त्यामुळे दूरच्या ठिकाणांचे रेखांश काढताना तेथील घड्याळे तारायंत्राच्या संदेशांनी जुळवली जात व संदेशाच्या प्रवासास लागणारा वेळही हिशेबात घेतला जाई. १८९८ मधील ‘कालमापन’ या निबंधात त्यांनी दाखवले, की समकालिकतेची प्रत्यक्ष जाणीव माणसाला होत नाही. ती सोयीसाठी स्वीकारलेल्या नियमांनी ठरते.

डच शास्त्रज्ञ हेंड्रिक लोरेन्ट्स यांनी ‘स्थानिक काळ’ ही संकल्पना गणिती साधन म्हणून मांडली होती. प्वांकारे यांनी १९०० मध्ये तिचा भौतिक अर्थ स्पष्ट केला. एकाच वेगाने जाणारे दोन निरीक्षक परस्परांना प्रकाशसंदेश पाठवून घड्याळे जुळवतात. आपण स्थिर आहोत असे मानल्याने ते जाण्याचा व येण्याचा वेळ समान धरतात. अशा घड्याळांत दिसतो तो स्थानिक काळ होय.

सापेक्षता सिद्धांताशी संबंध

५ जून १९०५ रोजी त्यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीत लोरेन्ट्स रूपांतरणांवर टिपण सादर केले. आइन्स्टाइन यांचा शोधनिबंध ३० जून रोजी नियतकालिकाकडे पोहोचला. प्वांकारे यांनी ईथरची कल्पना आणि खरा काळ व भासमान काळ हा भेद सोडला नाही. आइन्स्टाइन यांनी ईथर अनावश्यक ठरवून एकसमान गतीतील प्रत्येक निरीक्षकाचा काळ समान दर्जाचा मानला. त्यामुळे सिद्धांताच्या श्रेयाविषयी विज्ञानाच्या इतिहासकारांत मतभेद आहेत. १९११ मध्ये ब्रुसेल्स येथील पहिल्या सोल्व्हे परिषदेस दोघेही उपस्थित होते. त्यानंतर झुरिक येथील प्राध्यापकपदासाठी प्वांकारे यांनी आइन्स्टाइन यांची शिफारस केली.

मृत्यू

शस्त्रक्रियेनंतर पॅरिस येथे ५८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. माँपार्नास दफनभूमीत त्यांची समाधी आहे.