एक चंद्र, एक निगेटिव्ह

मीडियम फॉरमॅट फिल्मवरचा कोकणकड्याचा फोटो स्कॅन करून ग्रुपवर टाकायला १०२४ पिक्सेलचा केला, आणि कडा चक्क मेणाचा दिसू लागला! शार्पनिंग वाढवलं तर कडेने पांढरी रेघ. वैतागून लायब्ररीत गेलो, तिथे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स भेटला.

जन्म १९०२, सॅन फ्रान्सिस्को. व्हायचं होतं पियानोवादक. पण १९१६ मध्ये योसेमिटी पाहिलं, हातात साधा ब्राउनी कॅमेरा आला नि गडी डोंगरांचाच झाला. १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावर चंद्र उगवलेला, आणि लाईट मीटर सापडेना! पठ्ठ्याने चंद्राच्या तेजावरून एक्स्पोजर मनातच काढलं. दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत क्रॉसवरचं ऊन गेलंसुद्धा. मिळालेली एकुलती एक, तीही खालच्या भागात फिकी. १९४८ मध्ये त्याने तेवढाच भाग रसायनाने गडद केला. बिघडली असती तर? (आपल्याकडे निदान कंट्रोल-झेड आहे.) १९६० चा हाफ डोमवरचा चंद्र मात्र हॅसलब्लाडवरचा, म्हणजे मीडियम फॉरमॅटच. १९८४ मध्ये तो गेला.

मी फोटो पुन्हा उघडला. आधी लहान केला, मग शार्पनिंग. तेही अगदी कमी रेडियसने, फक्त कड्याला. आकाशाला हात लावला नाही.