गुरुदत्त : एका नाकारलेल्या चित्रपटाची कहाणी

हिंदी चित्रपटसृष्टीच्या सुवर्णकाळाचा विचार करताना गुरुदत्त यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. अवघे ३९ वर्षांचे आयुष्य लाभलेल्या या कलावंताने रसिकांना भरभरून दिले. मात्र ज्या चित्रपटात त्यांनी आपला जीव ओतला, तोच चित्रपट त्यांच्या चाहत्यांना रुचला नाही. ‘कागज के फूल’च्या या अपयशानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांचे नाव पडद्यावर पुन्हा कधीही झळकले नाही.

गुरुदत्त यांचा जन्म ९ जुलै १९२५ रोजी बंगळूर येथे झाला. त्यांचे मूळ नाव वसंतकुमार शिवशंकर पदुकोण. बालपण कोलकात्यात गेल्यामुळे बंगाली भाषा, संगीत आणि साहित्य यांचे संस्कार त्यांच्यावर खोलवर झाले. पुढे अल्मोडा येथील उदयशंकर यांच्या कलाकेंद्रात त्यांनी नृत्याचे शिक्षण घेतले. काही काळ कोलकात्यात दूरध्वनी ऑपरेटरची नोकरीही केली.

१९४४ मध्ये ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. त्यांच्या कारकिर्दीची पायाभरणी झाली ती येथेच. नृत्यदिग्दर्शन, साहाय्यक दिग्दर्शन, लहानसहान भूमिका अशी पडेल ती कामे त्यांनी केली. देव आनंद आणि रेहमान यांच्याशी त्यांची मैत्री जुळली तीही पुण्यातच. या मैत्रीतूनच देव आनंद यांच्या नवकेतन संस्थेने १९५१ मध्ये ‘बाजी’चे दिग्दर्शन त्यांच्याकडे सोपविले. चित्रपट गाजला आणि मुंबईच्या चित्रपटविश्वात एक नवे नाव रुजू झाले. ‘बाजी’साठी गायलेल्या गीता रॉय यांच्याशी १९५३ मध्ये त्यांचा विवाह झाला.

त्यानंतरच्या वर्षांत प्रेक्षकांना गुरुदत्त यांची ओळख पटली ती प्रसन्न, खेळकर चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून. ‘आर पार’ (१९५४) आणि ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ (१९५५) यांतील चुरचुरीत संवाद, ओ. पी. नय्यर यांच्या ठेकेबाज चाली आणि जॉनी वॉकर यांचा विनोद लोकांनी डोक्यावर घेतला. १९५७ मध्ये आलेल्या ‘प्यासा’चा सूर गंभीर होता, तरीही त्यातील उपेक्षित कवीची व्यथा प्रेक्षकांना आपली वाटली. साहिर लुधियानवी यांची गीते आणि सचिनदेव बर्मन यांचे संगीत घराघरांत पोहोचले. आता हा दिग्दर्शक जे करील ते उत्तमच असेल, असा विश्वास रसिकांच्या मनात निर्माण झाला. पुढच्या अपेक्षाभंगाचे मूळ याच विश्वासात होते.

१९५९ मध्ये ‘कागज के फूल’ प्रदर्शित झाला. सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या तंत्राने तयार झालेला हा पहिला भारतीय चित्रपट होय. छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी मोठ्या आरशांच्या साहाय्याने सूर्यप्रकाश स्टुडिओत वळवून प्रकाशाचा जो झोत साकारला, तो आजही अभ्यासाचा विषय आहे. मूर्ती यांना आणि कलादिग्दर्शक एम. आर. आचरेकर या मराठी चित्रकाराला या चित्रपटासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले.

प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. चित्रपटाचा नायक सुरेश सिन्हा हा एक यशस्वी दिग्दर्शक. पत्नीपासून दुरावलेला, मुलीला पारखा झालेला आणि आपणच घडविलेल्या नायिकेचा आधारही गमावलेला हा माणूस पायरीपायरीने खाली घसरत जातो. त्याचे चित्रपट लोक नाकारतात आणि अखेरीस रिकाम्या स्टुडिओत दिग्दर्शकाच्या खुर्चीतच त्याचा अंत होतो. ‘प्यासा’च्या कवीचे दारिद्र्य सामान्य माणसाला ओळखीचे होते. मोटारीतून फिरणाऱ्या, कीर्तीच्या शिखरावर बसलेल्या दिग्दर्शकाचे दुःख त्याला दूरचे वाटले. कथेची संथ गती आणि मुख्य कथानकात न मिसळणारा विनोदी भाग यांमुळेही रसभंग झाला. हे दोष आजही जाणवतात. त्यामुळे त्या काळच्या प्रेक्षकांना रसिकता नव्हती, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. आवडत्या दिग्दर्शकाकडून त्यांनी जे मागितले होते, ते त्यांना मिळाले नाही, एवढेच.

अपयश गुरुदत्त यांना नवे नव्हते. ‘बाज’ (१९५३) आणि ‘सैलाब’ (१९५६) हे त्यांचे चित्रपटही चालले नव्हते आणि त्यातून ते सावरले होते. या वेळी मात्र नायकाची भूमिका स्वतः करून त्यांनी आपल्याच व्यवसायाची कहाणी मांडली होती. पडद्यावरील दिग्दर्शकाच्या वाट्याला आलेला नकार प्रत्यक्षातही त्यांच्या वाट्याला आला. प्रेक्षकांचा हा कौल त्यांनी अखेरचा मानला.

त्यांची निर्मितीसंस्था मात्र थांबली नाही. १९६० मध्ये एम. सादिक दिग्दर्शित ‘चौदहवीं का चाँद’ला उत्तम यश मिळाले आणि संस्थेची आर्थिक घडी सावरली. बिमल मित्र यांच्या बंगाली कादंबरीवरील ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) या चित्रपटाचे दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वी यांचे नाव लागले. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. तिकीटबारी पुन्हा अनुकूल झाली, मानसन्मान आले; पण दिग्दर्शकाच्या श्रेयनामावलीत गुरुदत्त परतले नाहीत.

१० ऑक्टोबर १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या खासगी आयुष्यातही अनेक ताण होते. त्यामुळे या अकाली मृत्यूचा संबंध केवळ एका चित्रपटाच्या अपयशाशी जोडणे योग्य होणार नाही.

काळाने मात्र आपला निर्णय बदलला. १९८० च्या दशकापासून युरोपात आणि भारतातही त्यांच्या चित्रपटांकडे नव्याने पाहिले जाऊ लागले. ‘कागज के फूल’ची गणना श्रेष्ठ भारतीय चित्रपटांत होऊ लागली. २००४ मध्ये टपाल खात्याने गुरुदत्त यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. व्ही. के. मूर्ती यांना २००८ या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. २०२५ हे गुरुदत्त यांचे जन्मशताब्दी वर्ष ठरले आणि त्या निमित्ताने त्यांचे चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर आले.

आवडत्या कलावंताने निराशा केली, तर ती व्यक्त करण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहेच. पण पहिल्या आठवड्यातील निराशा म्हणजे कलाकृतीचे अंतिम मूल्यमापन नव्हे. ‘कागज के फूल’बाबत हे रसिकांना उमगले तेव्हा फार उशीर झाला होता. त्या मधल्या काळात गुरुदत्त यांच्याकडून जे चित्रपट घडू शकले असते, ते मात्र कायमचे राहून गेले.