कार्ल श्वार्झशिल्ड : पोकळीचा गणिती

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. परिस्थिती माणसाला घडवते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. कार्ल श्वार्झशिल्ड यांचे चरित्र वाचल्यावर मात्र त्यावर नव्याने विचार करावासा वाटला.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शाळेत असतानाच त्यांनी जोडताऱ्यांच्या कक्षांवर लेख लिहिले. १८९६ साली म्युनिकला डॉक्टरेट मिळवली. ग्रहाच्या ओढीने उपग्रहाचा आकार कसा बदलतो, याचा विचार त्या प्रबंधात होता. म्हणजे भरती-ओहोटीचेच गणित! १९०९ साली ते पॉट्सडॅमच्या वेधशाळेचे संचालक झाले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. वय चाळीस, घरी पत्नी व लहान मुले. तरी ते आपणहून सैन्यात गेले. तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते करता करता आइन्स्टाइनचा १९१५ चा सिद्धांत त्यांनी अभ्यासला. भोवती सारे रिकामे असताना एका गोल वस्तुमानाचे गुरुत्वाकर्षण कसे असेल, याचे अचूक उत्तर त्यांनी आघाडीवरच काढले. ११ मे १९१६ रोजी त्वचेच्या दुर्धर रोगाने, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

याच उत्तरातून पुढे कृष्णविवराची कल्पना आली. चंद्राच्या ओढीने समुद्रच नव्हे, पृथ्वीचे कवचही किंचित फुगते. तो फुगवटा मोजणारा अंक लव्ह या इंग्रज गणितज्ञाने १९०९ साली मांडला. पोकळीतल्या एकाकी कृष्णविवराचा हा अंक शून्य येतो, असे २००९ साली संशोधकांनी दाखवले. पण भोवती वायू वा अन्य द्रव्य असेल, तर तेही ओढले जाते आणि अंक शून्य राहत नाही. गुरुत्वीय लहरी २०१५ साली प्रथम टिपल्या गेल्या. अशा लहरींत उद्या हा फुगवटा दिसलाच, तर त्यात विवराचे किती आणि भोवतालचे किती, हे ठरवणे कठीण जाईल.

माझेही तसेच आहे. मार्कांत माझे किती, आणि माझ्या शिक्षणासाठी दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्या आईचे किती, हे मला वेगळे काढता येत नाही. श्वार्झशिल्ड यांच्या समीकरणाभोवती पोकळी होती. त्यांच्याभोवती मात्र युद्ध होते. तरीही ते गणित करीत राहिले. त्यांच्या स्मृतीस माझे विनम्र अभिवादन!