पासोडीवर लिहिणारा माणूस

नारायणपेठी लुगडे मराठी घरांना नवे नाही. लग्नकार्यात, मंगळागौरीला ते हटकून बाहेर निघते. पण आज तेलंगणात असलेल्या या नारायणपेठेने आम्हा अंबाजोगाईकरांना लुगड्याइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट दिली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती म्हणजे दासोपंत. शके १४७३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५५१ साली, तिथल्या दिगंबरपंत देशपांडे यांच्या घरी हा मुलगा जन्मला आणि पुढे बालाघाटाच्या डोंगरात येऊन आमचा झाला.

देशपांडे घराणे वतनदार, बीदरच्या बरीदशाहीचा महसूल गोळा करून भरणारे. चरित्रकार सांगतात, की एके वर्षी हा महसूल थकला आणि दरबाराने वसुलीसाठी कोवळ्या वयाच्या दासोपंतांनाच ओलीस ठेवून घेतले. महिन्याच्या आत पैसा भरा, नाहीतर मुलाला बाटवू, अशी अट होती. दुष्काळी मुलखात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही गोष्ट कळायला टीप लागत नाही. आभाळ कोरडे जाते, वसुलीची तारीख मात्र चुकत नाही, आणि शेवटी गहाण पडते ते घरातले माणूसच.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार असे नाव सांगणारा एक अनोळखी माणूस दरबारात आला आणि सारी रक्कम भरून निघून गेला, अशी कथा आहे. तो साक्षात दत्तच होता, अशी भाविकांची श्रद्धा. कथेचा हा भाग ज्याने त्याने आपापल्या मनाप्रमाणे घ्यावा. मला मात्र पुढचा भाग अधिक विचारात पाडतो. सुटून घरी आलेल्या मुलाचे मन घरात रमेना. आपल्यासाठी पैसे मोजणारा तो कोण, या एकाच प्रश्नाने त्याला घेरले आणि एके दिवशी कोणाला न सांगता तो निघून गेला. नुकताच परत मिळालेला मुलगा दुसऱ्यांदा हरवला, तेव्हा त्या माउलीचे काय झाले असेल? आणि त्याच्या तरुण पत्नीचे?

माहूरगडावर त्यांनी बारा वर्षे तप केले, असे परंपरा सांगते. तिथून गोदाकाठचे राक्षसभुवन, आणि मग अंबाजोगाई. पुढे आईवडील आणि पत्नीची भेट झाली. इथवर आपल्या संतचरित्रांची नेहमीची वाट आहे. वेगळेपण यापुढे दिसते. ज्या घरातून ते पळाले, ते घर त्यांनी अंबाजोगाईत पुन्हा मांडले आणि उरलेले आयुष्य संसारात राहून लिहिण्यात घालवले.

ते लिहिणे तरी किती! रोज एका ढबूची शाई संपे, अशी आठवण आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. गीतेवरच्या त्यांच्या एकट्या ‘गीतार्णवा’च्या ओव्या सव्वा लाख मानल्या जातात. ‘ग्रंथराज’, ‘पदार्णव’ हे शिवाय. तिकडे पैठणला एकनाथ महाराज लिहीत होते, त्याच काळात इकडे दासोपंतांचा बोरू चालला होता. कधी उजेड असेल, कधी समईची वात; घरात येणेजाणे, सणवार, आजारपण सगळे असेलच. लिहायला निवांतपणा मिळत नाही, अशी तक्रार करणाऱ्या आम्हा मंडळींनी हे जरूर आठवावे.

दासोपंतांमधला शिक्षक मला विशेष आवडतो. मराठीला हिणवणाऱ्यांना त्यांनी ‘गीतार्णवा’त कुंभाराच्या आव्याकडे नेले आहे. संस्कृतात घट म्हटले की झाले. मराठीत मात्र हारा वेगळा, डेरा वेगळा, रांजण वेगळा, सुगड आणि तौली वेगळी. मग एका घट शब्दाने या सगळ्यांचे वेगळेपण कसे सांगणार, असा त्यांचा रोख आहे. भाषेचा अभिमान त्यांनी स्वयंपाकघरातल्या उतरंडीवरून शिकवला. मी शाळेत मराठी शिकवत असताना हाच पाठ मुलांना गृहपाठ म्हणून देत असे. आजीला विचारून मडक्यांची नावे लिहून आणा, एवढेच सांगायचे. ज्यांची वही एरवी कोरी असे, ती खेड्यावरची मुलेच सर्वांत लांब यादी आणत. संक्रांतीचे सुगड तर मुलींना लगेच आठवे.

आणि मग ती पासोडी! पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचे जाडेभरडे कापड. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहिले. विषय ऐकायला अवघड वाटतो, पण जुन्या रुपयाच्या हिशेबाने चटकन समजतो. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भूते. प्रत्येकाच्या रुपयात आठ आणे स्वतःचे आणि बाकीच्या चौघांचे दोन-दोन आणे. म्हणजे निखळ माती अशी नाहीच. तिच्यात पाणी आहे, ऊब आहे, वारा आहे, पोकळीही आहे. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर बालाघाटाच्या उतारावरून येणारा वास घेतला, की मला हा हिशेब पटतो.

कागद सोडून त्यांनी कापड का घेतले असेल? नारायणपेठेच्या मुलाला कापड जवळचे वाटले असेल, असा आपला माझा तर्क. न. शे. पोहनेरकरांनी ही पासोडी संपादित केल्यामुळे ती अभ्यासकांच्या हाती आली. घरोघरच्या माळ्यांवर अशी किती बाडे वाळवीच्या तोंडी गेली असतील, हा विचार मन अस्वस्थ करतो. आपल्या घरात जुनी पोथी असेल, तर नुसती पूजा करू नये. उघडावी, झटकावी, जाणत्याला दाखवावी.

शके १५३७ मध्ये माघ वद्य षष्ठीला दासोपंतांनी देह ठेवला. अंबाजोगाईत त्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या वंशजांची थोरले व धाकटे अशी दोन देवघरे आहेत. योगेश्वरीच्या दर्शनाला येणाऱ्यांनी आणि मुकुंदराजांच्या समाधीसाठी दरीत उतरणाऱ्यांनी इकडेही वाट वाकडी करावी. एका अनोळखी माणसाने भरलेले कर्ज या गृहस्थाने आयुष्यभर मराठीतून फेडले. त्यातल्या दहा ओव्या जरी आपण मुलाबाळांना घेऊन वाचल्या, तरी व्याजातला आपला वाटा भरल्यासारखे होईल.